पेटीची डावी बाजू

भुताखेतांचे अनुभव मी वाचते, पण राशिभविष्य वाचावं तसे. एकवीस वर्षं झाली विज्ञान शिकवतेय. वर्गात कुणी “बाई, अमावस्येला…” असं सुरू केलं की मी त्याला फळा पुसायला उठवते. त्यामुळे आज हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण सांगणार कुणाला? मिस्टरांची बदली गडचिरोलीला, मुलगी पुण्याला. शिवाय मी थकलेय… एकदा लिहून मोकळी होते.

आम्ही दारव्ह्याला राहतो. रेवाच्या हॉस्टेलमध्ये प्राणी चालत नाहीत, म्हणून तिचा हॅमस्टर माझ्या गळ्यात. नाव चिकू. हॅमस्टर म्हणजे शेपूट विसरून आलेला गुबगुबीत उंदीर. जुन्या फिश टँकमध्ये, कागदाच्या कपट्यांत राहतो. गल्लीतल्या बायका उंदीर मारायचं औषध आणतात आणि मी उंदराला काकडी चिरून घालते, यावर सगळ्यांचं हसून झालंय.

चिकूच्या आधी बटाटा होता. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो पेटीत कडक होऊन पडलेला दिसला. अंग गार, श्वास दिसेना. मला शाळेला उशीर होत होता. रुमालात गुंडाळून जास्वंदीखाली पुरला आणि निघाले. संध्याकाळी रेवाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आई, थंडीनं ते तसे होतात. मेल्यासारखे. हळूहळू ऊब दिली की उठतात. तू नीट बघितलं होतंस ना?”

मी हो म्हणाले. बघितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर जाऊन उकरलं. तोवर त्याच्यात जीव उरला नव्हता. रुमालाची घडी मी घातली तशीच होती का, हे मला आजही स्वतःला सांगता येत नाही.

रेवानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त फोन कमी केले. आणि या दिवाळीला तिनं चिकूला आणून माझ्या हातात दिलं, तेव्हा मला कळलं की ही शेवटची संधी आहे. हाही गेला तर पोरगी तोंडानं काही बोलणार नाही, पण दूर जाईल ती कायमची.

सोबत दोन पानी सूचना होत्या. गरम चटई पेटीच्या बाहेरून, खाली लावायची. वायर आत सोडायची नाही, तो कुरतडतो. आत बल्ब नको, जाळीवर गोधडी नको. लाईन गेली तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवायची. आणि लाल पेनानं लिहिलेलं— ऊब फक्त डाव्या बाजूला. उजवी बाजू गारच ठेव. जास्त झालं तर त्याला सरकायला जागा हवी.

ते वाचलं आणि मला याडी आठवली.

रेवा सातव्या महिन्यात झाली, बोरी अरबला सासरी, ऐन पौषात. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. पोर निळं पडलेलं, गार. घरातली माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. तांड्यावरची सोनाबाई बाळंतिणींना आणि बाळांना शेक द्यायची. बंजारा लोक आईला याडी म्हणतात, तसं सगळं गाव तिला याडी म्हणायचं. तिनं रेवाला पोटाशी घेतलं आणि म्हणाली, “थंडी हाय पोरगी. मेली नाही.”

पुढे चाळीस दिवस ती आली. शेगडी खाटेच्या पायथ्याशी, उशाकडे कधीच नाही. लेकराचं एक अंग शेकायचं, एक मोकळं ठेवायचं. ती डावखुरी. ओव्याच्या धुरीवर डावा तळवा तापवायची, आधी स्वतःच्या गालाला लावायची, मग पोरीला. आणि मी अकरा वर्षांत तिच्याकडे गेले नव्हते. दारव्ह्याहून बोरी अरब काही लांब नाही. माझी कारणंच लांबलचक होती.

असो. जानेवारीत निवडणुकीची ड्युटी लागली, तीही पार मारेगावकडे. रद्द करायला अर्ज दिला, कुणी वाचलासुद्धा नाही. घरात उंदीर आहे, असं कारण लिहायची माझी हिंमत झाली नव्हती. मंगळवारी सकाळी चिकूचं दाणापाणी भरलं, चटई चालू केली, थर्मामीटरच्या जुन्या नोंदी पुसल्या आणि निघाले. हा थर्मामीटर बॅटरीवर चालतो. वायरचं टोक पेटीत डाव्या बाजूला असतं, डबी बाहेर. खोलीचं आणि पेटीचं सगळ्यात कमी तापमान तो वेगवेगळं लक्षात ठेवतो.

गुरुवारी दुपारी परतले. दोन रात्रींची झोप नाही, पाय सुजलेले. फाटकातच समोरच्या वहिनींनी सांगितलं, मी गेले त्याच संध्याकाळी डीपी जळाली, अजून लाईन नाही, थंडीनं दात वाजायची पाळी आली.

मी घाईघाईनं कुलूप काढलं. रेवाला काय सांगायचं, याची वाक्यं मनात सुरू झाली होती.

चिकू डाव्या कोपऱ्यात बसून गालात दाणे कोंबत होता.

मी थर्मामीटरच्या डबीचं बटण दाबलं. खोलीचं सगळ्यात कमी तापमान अकरा. पेटीचं चोवीस. काचेला हात लावला. डावी बाजू कोमट, उजवी गार. खालच्या चटईला हात लावला तर तीही गार. रबरी पिशवी न्हाणीत तिच्या खिळ्याला कोरडी लटकलेली. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि खोलीत ओव्याचा वास… घरातला ओवा तर दिवाळीतच संपला होता. मी तिथेच फरशीवर बसून रडले. आनंद कमी, थकवाच जास्त.

रविवारी बोरी अरबच्या तांड्यावर गेले. याडीची सून मीरा म्हणाली, पावसाळ्यात याडीला लकवा मारला, उजवं अंग गेलं, तेव्हापासून ती खाटेवरून उठलेली नाही. याडीनं मला लगेच ओळखलं. रेवाची चौकशी केली. मग म्हणाली, “आन् तुहा उंदीर उठला का?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कोणता उंदीर, म्हणून विचारलं.

“काचेतला. थंडा पडत होता. म्या एकाच अंगानं शेकला त्याले.”

मीरा ओशाळली. “तसंच बोलते हो ते, बाई. मंगळवारच्या रातीपासून असंच चालू हाय. आन् तेव्हापासून तिचा डावा हात पाहा कसा झाला. डॉक्टर म्हणते, रगत बराबर चालू हाय.”

मी हात हातात घेतला. बाकी अंग गरम होतं. तो हात मात्र माठातून काढल्यासारखा गार.

माझ्या उंदराबद्दल तांड्यावर कुणाला माहीत नव्हतं. थर्मामीटर मी नंतर वितळत्या बर्फात घालून तपासला, बिनचूक शून्य दाखवतो. वहिनींकडे तीनदा चौकशी केली, लाईन मध्ये आलीच नव्हती. माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. वर्गात कुणी विचारलं तर मी त्याला फळाच पुसायला लावेन.

रेवाला मात्र सगळं सांगितलं. चिकूचंही, आणि बटाट्याला मी नीट बघितलं नव्हतं, हेही. दोन दिवसांनी ती सरळ बसनं आली आणि म्हणाली, मला याडीकडे ने.

तिथे ती खाटेशी बसली ती उठेचना. घरून आणलेली रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून टॉवेलात गुंडाळली, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली, मग याडीच्या हाताखाली सरकवली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तास झाला, दीड तास झाला. याडीला डोळा लागला होता. हात होता तसाच होता. शेवटची गाडी निघायची वेळ झाली तेव्हा मी हळूच म्हटलं, रेवा, राहू दे आता, काही उपयोग नाही.

रेवानं माझ्याकडे बघितलं. मागच्या हिवाळ्यापासून पहिल्यांदाच, सरळ.

“थंड आहे फक्त, आई,” ती म्हणाली. “तू ये, इकडून धर.”