भवानीच्या कोऱ्या नोटा

माझं पुस्तक निघालं म्हणून सांगितलं तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "किती वजनाचं हाय?"

"वजन नसतं गं त्याला. फोनमध्ये वाचायचं असतं. ई-बुक."

"मग भाव कशावर लावलास?"

मला हसू आलं आणि जरा रागही आला. बारामतीच्या शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवणारा माणूस मी, आणि मला विचारणारी कोण, तर जिला सही करतानासुद्धा बोट धरावं लागतं ती. पण विक्रीतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. निरवांगीच्या आमच्या तुकड्यातली वांगी, गवार, मेथी तिनं पस्तीस वर्षं एस्टीनं इंदापूरच्या आठवडी बाजाराला नेली आणि विकली. पोटाचं दुखणं वाढलं म्हणून मी तिला बारामतीला आणलं. ऑपरेशनात आता अर्थ नाही, घरी न्या आणि आवडेल ते खाऊ घाला, असं डॉक्टरांनी मला आणि बायकोला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला सगळं कळलेलं होतं.

पुस्तकात बाजारातल्या बायकांच्या गोष्टी होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तिनंच मला सांगितलेल्या. आधीचं पुस्तक मी पदरचे पैसे घालून छापलं होतं. त्याचे गठ्ठे अजून दिवाणाखाली आहेत. केर काढताना बायको ते पायानं सरकवते आणि माझ्याकडे बघते. म्हणून या खेपेला सगळं स्वतःच केलं. टायपिंग मी केलं, मुखपृष्ठ मी जुळवलं, आणि एका मोठ्या ऑनलाईन दुकानात पुस्तक चढवलं. खर्च शून्य. किंमतही आपणच ठरवायची.

"दीडशे," मी आईला सांगितलं. "फार खाली गेलं तर ते दुकान आपला वाटा निम्मा करतं."

"मग खाली जाऊच नगं," ती म्हणाली. "येकदा भाव पाडला की गिऱ्हाईक म्हणतंय, माल शिळा हाय."

बाजारातही तिचं असंच होतं. ऊन उतरलं की आजूबाजूच्या बायका ओरडायच्या, दहाला दोन, दहाला तीन. आई गप्प बसायची. उरलेली मेथी एखाद्या गरीब बाईच्या पिशवीत फुकट कोंबायची, पण पाडून विकायची नाही. आणि भवानीच्या बाबतीत तर विचारूच नका. दिवसाची पहिली विक्री ती भवानी. त्या गिऱ्हाइकाशी घासाघीस नाही, आणि ती नोट कपाळाला लावून तागडीला टेकवायची. शेजारणीची भवानी दुपारपर्यंत झाली नाही तर आईला बसवायचं नाही. मी लहानपणी बरोबर असलो की माझ्या मुठीत पैसे द्यायची. "जा, तिच्याकडनं जुडी घिऊन ये. पुऱ्या भावानं घे. आन मी धाडलंय म्हणू नगंस." भवानी करणाऱ्यानं कळू द्यायचं नसतं, नाहीतर विकणारीला ती भीक वाटते, असं तिचं म्हणणं.

आता तिचा मुलगा दुकान मांडून बसला होता आणि त्याची भवानी होत नव्हती.

शाळेतून आलो की ती कॉटवरून मान वळवायची. "झाली का भवानी?"

"नाही अजून."

रोज हेच. फोनवर विक्रीचा आलेख असतो, त्यात शून्याची सरळ रेघ. शिक्षकांच्या ग्रुपवर पुस्तकाची लिंक टाकली, तर खाली चाळीस अंगठे आणि हात जोडलेली चित्रं आली. अभिनंदन सर. खूप छान सर. पुस्तक एकानंही घेतलं नाही. एकानं तर, "सर, पीडीएफ पाठवा ना," असं लिहिलं. मस्तकात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

एका संध्याकाळी आईनं तेच विचारलं आणि मी तिच्यावर वसकन ओरडलो. "रोज रोज काय गं तेच तेच? ही काय वांगी आहेत का?"

तिनं पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या देखत व्हावी म्हनून इचारते रं. न्हाय इचारनार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जायच्या आत एका तरी माणसानं ते पुस्तक पैसे मोजून घ्यावं, एवढंच मला त्यानंतर हवं होतं. दुसरं काही सुचेना.

नेटवर लेखकांना सल्ले देणारे खूप. त्यातला एक म्हणत होता, पाच दिवस पुस्तक फुकट ठेवा, यादीत वर येतं, मग विकतं. ठेवलं. पाच दिवसांत दोनशे बारा जणांनी उतरवून घेतलं. मी धावत आईकडे गेलो.

"आई, दोनशेच्या वर गेली पुस्तकं!"

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. उशीला रेलून बसली. "दीडशेच्या भावानं?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. फुकट दिलेल्याला ती काही नावं ठेवणार नव्हती, तिनंही मेथी वाटलीच होती. पण तिच्या डोळ्यांकडे बघून माझी जीभ वळलीच नाही.

"व्हय," मी म्हणालो.

"मग भवानीचं पैसं आन की. कपाळाला लावू दे."

पैसे बँकेत जमा होतात, तेही दोन-दोन महिन्यांनी, हे तिला कुठं समजावत बसू? चौकातल्या एटीएममधून पाचशे काढले, तिथंच औषधाच्या दुकानात मोडून शंभराची एक आणि पन्नासाची एक नोट घेतली. त्यानं गल्ल्यातल्या बंडलातून काढून दिल्या, कोऱ्या करकरीत. तिनं त्या हातात घेतल्या, बोटांनी जरा वेळ चाचपल्या, कपाळाला लावल्या आणि आपल्या चंचीत ठेवल्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "लई ब्येस झालं."

फुकटचे दिवस सरले आणि रेघ पुन्हा शून्यावर. मग मी तिला न सांगता किंमत नव्याण्णव केली. आठवड्यानं एकोणपन्नास. आपला वाटा निम्मा झाला तरी चालेल, पण कुणीतरी घ्या रे बाबांनो!

आणि एका गुरुवारी, मधल्या सुट्टीत, फोन उघडला तर रेघेवर एक बारीक उंचवटा. विक्री: एक. मी स्टाफरूममध्ये उभाच राहिलो. कुणीतरी, कुठल्या तरी गावात, स्वतःच्या पैशानं माझं पुस्तक घेतलं होतं. घरी येईपर्यंत मला दम नव्हता. आणि दारात चप्पल काढताना लक्षात आलं की ही गोष्ट आईला सांगताच येत नाही. तिच्या हिशेबी दोनशे कधीच गेली होती.

"आज लई खुशीत दिसतोयस," ती म्हणाली.

"काही नाही. शाळेत तपासणी चांगली झाली."

"बरं बरं," असं म्हणून ती हसली. त्यानंतर ती फारशी उठून बसली नाही. तीन आठवड्यांनी, सकाळी चहा अर्धा राहिला आणि ती गेली.

निरवांगीला नदीकाठी दहावा झाला. परत आल्यावर बायकोनं आईची चंची माझ्यापुढं ठेवली. आत सुपारीचं खांड, एस्टीची जुनी तिकिटं आणि एकशे एक रुपये. मी दिलेल्या दोन नोटा नव्हत्या.

"नोटा कुठं गेल्या?" मी विचारलं.

"अहो, त्या माझ्याकडे आहेत," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. "आत्यांनी शपथ घातली होती, त्या असेपर्यंत सांगायचं नाही."

त्या गुरुवारी मी शाळेत गेल्यावर आईनं तिला जवळ बोलावलं होतं. दोन्ही नोटा हातात दिल्या आणि म्हणाली, "ह्या भवानीच्या न्हाईत. भवानीची नोट अशी कोरी नसती, चार हातांतनं चुरगाळून आलेली असती. माझ्या लेकाची भवानी झालीच न्हाय. तू तुझ्या फोनातनं त्येचं पुस्तक घे. पुऱ्या भावानं घे. आन मी घ्यायला लावलंय म्हनू नगंस."

बायकोनं घेतलं. मग आईसमोर एकशे एक रुपये परत ठेवले.

"हे कशाचं?"

"आत्या, आता एकोणपन्नासला आहे ते."

आईनं ते पैसे पुन्हा मोजले, असं बायको म्हणाली. मग एवढंच विचारलं, "पाडला व्हय त्यानं?" आणि पैसे चंचीत ठेवून भिंतीकडे तोंड करून निजली.

मी लहान पोरासारखा रडलो. बायको पाठीवर हात फिरवत होती आणि मला तोही नको झाला होता.

त्याच दिवशी मी किंमत परत दीडशे केली. महिन्याभरानं बँकेचा मेसेज आला, माझ्या वाट्याचे सतरा रुपये जमा झाले होते. रेघ पुन्हा शून्यावर आहे. ग्रुपवर कुणी विचारलं तर सांगतो, दीडशे, कमी होणार नाही. पण दीडशे मोजून माझं पुस्तक घेणारं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते आलं तेव्हा मी माल एकोणपन्नासला मांडला होता.