दाजी करवली बोलवायला निघाले

स्वतःसाठी कुणाकडं काही मागायचं म्हटलं की वाचा बसणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात एकच जन्माला आला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. आमचे दाजी. ताडकळसच्या शाळेत हेडमास्तर. सहा फूट उंची, खणखणीत आवाज, डोक्यावर पांढरी टोपी. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कलेक्टरलाही दम देईल. आणि गंमत म्हणजे द्यायचेही, पण दुसऱ्याच्या कामासाठी. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, त्यामुळं दरख्वास्त लिहावी तर दाजींनीच. कुणाची विहीर, कुणाची बदली, कुणाच्या पोराचं वसतिगृह. दाजींच्या हातचा अर्ज गेला की साहेब विरघळलाच पाहिजे. स्वतःच्या बढतीचा अर्ज मात्र त्यांनी अकरा वर्षं लिहिला नाही. का, तर "साहेबाला उगं तकलीफ."

हे 'उगं तकलीफ' ऐकून ऐकून मी बेजार झाले होते. दाजी एसटीत बसले आणि कंडक्टरचा डोळा लागलेला असला, तर "माझा थांबा आलाय, घंटी मारा" एवढं यांच्या तोंडून निघायचं नाही. असे ते कितीदा तरी ताडकळसला उतरायचे ते पूर्णेला जाऊन उतरले आणि परत आले. शिंप्यानं एकदा यांच्या मापाचा शर्ट दुसऱ्याला दिला आणि दुसऱ्याचा यांना. तो आखूड शर्ट दाजींनी दोन वर्षं वापरला, कोपर कायम उघडं. नवे जावई म्हणून आमच्याकडं आले तेव्हा आईनं वरणात मीठच घातलं नव्हतं. आम्ही सगळे तोंडं वाकडी करत होतो आणि दाजी मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घेत होते. परभणीला माझ्याकडं उतरले की टॉवेल बाहेर विसरायचे आणि न्हाणीघरात तसेच वाळेपर्यंत उभे राहायचे. मीच शेवटी दार वाजवून टॉवेल आत टाकायची. शाळेत म्हणे, मुलांना प्रश्न विचारायचंही त्यांच्या जिवावर यायचं. विचारता विचारता उत्तर स्वतःच सांगून टाकायचे. वर्गातली पोरं भारी खूश असायची.

माझी बहीण गेली त्याला चार वर्षं झाली आणि सुमनचं, म्हणजे दाजींच्या लेकीचं, लग्न ठरलं. आता घरात बाईमाणूस नाही म्हटल्यावर मावशी म्हणून सगळं माझ्या गळ्यात आलं. बस्ता बांधला, आचारी ठरवला, मांडव सांगितला. राहिली करवल्यांची बोलावणी. नवरीच्या मागं पाण्याचा करा घेऊन उभ्या राहायच्या त्या दोन करवल्या. आमच्या घराण्यात या बोलावण्याला पत्र चालत नाही. घरच्या कर्त्या माणसानं खण, कुंकू, सुपारी घेऊन जायचं आणि "आमच्या लेकीच्या पाठीशी उभी राहा" असं तोंडानं म्हणायचं. तोंडानं. आणि कर्ता माणूस कोण, तर दाजी. मी कपाळाला हात लावला.

पहिली करवली मानवतची, माझ्या चुलतबहिणीची मुलगी. सोपं काम. घरची माणसं वाटच बघत होती. दाजी सकाळी दहाला पोचले आणि दुपारी चारपर्यंत बसले. कापसाच्या भावावर बोलले, म्हशीचा दुखरा पाय बघितला, त्यांच्या पोराला इंग्रजीचं पान समजावून सांगितलं. चुलतबहिणीनं शेवटी न राहवून विचारलं, "दाजी, काय काम काढलंत?" तर म्हणाले, "कुठं काय? इकडूनच चाललो होतो." ताडकळसहून मुद्दाम मानवतला जाणारा माणूस कुणीकडून कुणीकडं चालला होता, देव जाणे. खण तसाच, कुंकवाची पुडी तशीच, वर बहिणीनं बांधून दिलेली तुरीची डाळ घेऊन स्वारी घरी हजर. मी दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन परत गेले, मीच बोलले, आणि दाजी शेजारी बसून मान हलवत राहिले. चुलतबहीण हसून म्हणाली, "चालतंय, मान हलली म्हणजे पावलं."

येलदरीला मात्र चालणार नव्हतं. दुसरी करवली तिथली, दाजींची धाकटी बहीण गोदा हिची मुलगी शकू. गोदाचा नवरा धरणावर नोकरीला. ही गोदा माझी बहीण गेली तेव्हा तेराव्यापर्यंत ताडकळसला होती, त्यानंतर तिनं भावाच्या घरचा उंबरा ओलांडला नव्हता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दाजींना विचारावं तर म्हणायचे, "तिला तिचा संसार हाय." सुमनचं मात्र ठरलेलं होतं. "मावशी, शकू आली तरच करवली. न्हाईतर माझ्या मागं कुणी नको. नुसती उभी राहीन." पोरगी बापावर गेली नव्हती, एवढं एक बरं. मी दाजींना बजावलं, "मी सोबत येते, पण तोंड उघडणार नाही. तुमची बहीण हाय, तुम्ही म्हणायचं." दाजी म्हणाले, "बरं." या माणसाचं 'बरं' म्हणजे काय ते मला माहीत होतं.

जिंतूरला एसटी बदलून आम्ही अकराच्या सुमारास येलदरीला पोचलो. गोदानं पाणी दिलं, चहा दिला, धरणातल्या माशांचं कालवण आणि भाकरी वाढली. बोलणं मात्र मोजून. शकू आतबाहेर करत होती. दाजींनी धरणात पाणी किती, विचारलं. दरवाजे किती, विचारलं. वीज कशी निघते ते गोदाच्याच नवऱ्याला समजावून सांगितलं, आणि तो बिचारा रोज तेच काम करणारा, थोरल्या मेहुण्याचा मान राखून ऐकत बसला. खणाची पिशवी दाजींच्या मांडीवर. मी दोनदा त्यांच्या पायाला पाय लावला, तर पाय आवरून घेत म्हणाले, "जागा कमी पडती का तुला?" मला असं झालं की पिशवी ओढावी आणि खण स्वतः त्या पोरीच्या ओटीत टाकून मोकळं व्हावं. परतीची गाडी चारची. साडेतीनला दाजी टोपी झटकत म्हणाले, "चला, निघावं आता."

गोदा दारात येऊन उभी राहिली.

"दादा, तू कामून आलास ते मला ठाव हाय. सुमननं पत्र टाकलंय. शकूनं पेटीतून लुगडं बी काढून ठेवलंय."

"मग झालं की," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"न्हाई झालं. तू म्हण."

"तुला ठाव हाय म्हणतीस, मग मी आणखी काय..."

"तू तोंडानं म्हण." गोदाचा आवाज चढला नव्हता, पण हात चौकटीवरून हलला नव्हता. "वहिनीच्या तेराव्याला मी बोचकं बांधून दोन घंटे तुझ्या दारात बसले होते. सुमन लहान, घरात दुसरं कुणी न्हाई. तू एकदा थांब म्हणला असतास तर वरीसभर राहिले असते. ह्यांना मी तसं सांगून आले होते. आन् तू काय म्हणलास? एसटी चुकंल तुझी."

मला हे नवीनच होतं. दाजी खाली बघत होते. "मला वाटलं, तुझा संसार हाय. उगं तुला तकलीफ..."

"तकलीफ माझी मी बघितली असती. मला वाटलं, दादाला मी नको झाले."

दाजींनी टोपी घातली, आणि मला वाटलं, झालं, हा माणूस आता सरळ एसटीकडं चालू लागणार. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलायचं ते ठरवूनही टाकलं. पण दाजी खाली बसले. पिशवीतून खण काढला, सुपारी काढली, कुंकवाची पुडी काढली. पुडी सोडताना थोडं कुंकू धोतरावर सांडलं.

"शकू," ते म्हणाले, "सुमनच्या पाठीशी उभी राहायला ये, माय." मग गोदाकडं बघितलं. "आन् तू बी ये. लग्नाच्या आधी पंधरा दिवस ये. सुमन नांदायला गेली की घरात मी एकटाच हाय गोदा. मला करमत न्हाई. थोडं थांब माझ्यापाशी."

गोदानं पदर तोंडाला लावला आणि भावाच्या शेजारी जमिनीवरच बसली. शकू रडत होती, तिचा बाप भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि मीही रडले, सांगायला लाज कसली. चारची गाडी गेली. आम्ही साडेपाचच्या गाडीला बसलो.

गाडी जिंतूरच्या रस्त्याला लागली. मग माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. म्हटलं, "एवढंसं बोलायला चार वर्षं लागली तुम्हाला. माझ्या बहिणीनं सोळा वर्षं कशी काढली तुमच्यापाशी? तिच्याकडं तरी कधी काही मागितलंत का?"

दाजींनी आठवून बघितलं, मी विचारलेलं खरोखरच आठवायचं असल्यासारखं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिनं मागायची पाळीच येऊ दिली न्हाई. मला काय लागतंय, ते तिला आधीच कळायचं."

एवढं बोलून ते धोतरावरचं कुंकू झटकत बसले. ताईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि या माणसाला घरात कशाकशावाचून राहावं लागलं असेल, याचा मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला.