एकाच जबाबात दोन गुन्हे

त्यानं पायातला बूट काढला आणि माझ्या तोंडावर मारला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते तिथंच राहिले.

सोनगीरच्या पुढं नाल्यावर एक अरुंद मोरी होती. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी. धुळ्याहून शिरपूरला जाणारी माझी सर्व्हिस मोटार निम्म्याहून जास्त पुढं आली होती, तेवढ्यात समोरून त्याची मोटार आली. कापसाच्या जिनवाल्याचा मुलगा. रस्त्यावरची सगळी माणसं त्याला रावसाहेब म्हणत. त्यानं हॉर्न दिला. मी थांबलो. मागं दोन बैलगाड्या येऊन उभ्या होत्या, म्हणून मला मागं सरता येत नव्हतं. एवढंच सांगायला मी मान बाहेर काढली. तो उतरून माझ्या खिडकीशी आला होता; मान बाहेर होती म्हणून त्याला बूट नीट मारता आला.

"स्टिअरिंग हातात आलं म्हणून जात बदलली का रे तुझी? घे मागं!"

गाडीत तीस माणसं. कोणी खोकलंसुद्धा नाही. कंडक्टर तिकिटाचा पंच धोतराला पुसत राहिला.

मी म्हणालो, "घेतो, रावसाहेब."

मागच्या गाडीवाल्यांनी बैल सोडले, गाड्या हातांनी ढकलल्या. मी उलटा गेलो. तो शेजारून निघून गेला. माझ्याकडं बघितलंही नाही त्यानं. पुढच्या वळणापर्यंत तो हे सगळं विसरलाही असेल.

मी धुळ्याच्या महारवाड्यातला. लढाईत मिलिटरीचे ट्रक चालवले. तिकडं आसामात दरडीच्या कडेनं, वरून विमानं घोंघावत असताना. तिथं भ्यायलो नाही असं नाही. पण ती भीती रजेवर येताना माझ्याबरोबर घरी येत नसे. ही आली.

बायकोनं विचारलं, "गालले काय लागनं?"

म्हणालो, "हँडल लागनं."

तिनं हळद आणली. लावताना तिला बुटाच्या टाचेच्या खिळ्याची खूण दिसली असणार.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या रस्त्यावर भीत भीत गाडी हाकू लागलो. लांबून मोटार दिसली की मी गाडी कडेला घ्यायचो. ब्रेकवरचा पाय आपोआप नाचायचा. मोरी यायच्या आधी दोन मैल वेग कमी करायचो. समोर कोणी नसलं तरी मी थांबायचो, कान देऊन ऐकायचो. माणसं आतून ओरडायची, "काय झालं, ड्रायव्हर?" मी म्हणायचो, इंजिन तापलंय. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी एका मोटारीच्या आवाजाला भीत होतो.

मग एक गोष्ट झाली. ती सांगायला मला बुटापेक्षा जास्त लाज वाटते.

मी हॉर्न वाजवायला लागलो. सायकलवाल्यावर. मेंढपाळावर. डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बायांवर. अगदी जवळ जाऊन वाजवायचो. समोरचा दचकायचा, रस्ता सोडून काट्यात उतरायचा. तेवढा वेळ माझी भीती त्याच्याकडं जायची. मला मोकळं वाटायचं. कंडक्टर हसायचा. म्हणायचा, "आता खरा ड्रायव्हर झालास!"

असे तीन महिने गेले.

मग ती दुपार. नरडाण्याच्या अलीकडं ऊन नुसतं पेटलं होतं. पुढं एक बैलगाडी, रस्त्याच्या मधोमध. मी हॉर्न दिला. गाडी बाजूला झाली नाही. परत दिला. हाकणारा मान वळवून बघेना. माझ्या डोक्यात एकच आलं, की हासुद्धा? हासुद्धा मला मोजत नाही? मी हॉर्नवरचा हात काढला नाही आणि मोटार बैलांच्या अंगावर घातली.

बैल उधळले. गाडीचं चाक रस्त्याकडेच्या चारीत गेलं. गाडी कलंडली.

मी खाली उतरलो. इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल माझ्या हातात होतं. ते कधी उचललं, मला आठवत नाही. गाडीवान म्हातारा होता. मातीत बसला होता. मला बघून त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून पुढं ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मार येणार हे माहीत असलेला माणूस मिटतो तसे. मी ते डोळे ओळखले. आतून ओळखले. मोरीवर मीही तसेच मिटले होते.

"माले ऐकू नही येत, दादा," तो म्हणाला. "मारू नको."

चारीतून त्याची सून वर आली. तिचा डावा हात कोपराखाली नको तिकडं वळला होता. ती रडत नव्हती.

"त्यासले ऐकू नही येत," ती म्हणाली. "तुले तं डोया शेतस ना?"

हँडल माझ्या हातातून पडलं. मी मडगार्ड धरून उभा राहिलो. आता मला कोणी मारणार नव्हतं. तरी मी इतका कधी भ्यायलो नव्हतो. रावसाहेब माझ्या समोर नव्हता. माझ्या कपड्यांत होता.

दोघांना मोटारीत घेतलं. गाडी धुळ्याकडं वळवली आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. बाईचा हात बांधून होईपर्यंत कंडक्टरनं वर्दी दिलेले आमचे मोटारमालक शेठ तिथं येऊन पोचले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हातारा दारू प्यालेला होता, असं सांग. बैल आपोआप बुजले. फौजदारांशी बोलणं झालंय माझं."

मी तसाच निघालो. कचेरीत गेलो.

फौजदारसाहेबांनी दौत पुढं ओढली. मी सांगितलं, "मी मोटार बैलांच्या अंगावर घातली. म्हातारा प्यालेला नव्हता. बहिरा आहे."

त्यांचा टाक थांबला. "शेठ वेगळं सांगत होते."

"शेठ मोटारीत नव्हते."

त्यांनी लिहिलं. मग मी म्हणालो, "अजून एक लिहा." आणि बुटाचं सांगितलं. मोरी, माणूस, त्याचं नाव, तो काय बोलला ते शब्द.

"याचा इथं काय संबंध? आणि तीन महिन्यांनी आठवलं तुला?"

"त्या दिवशी मी भ्यायलो, साहेब. त्या दिवशी इथं आलो असतो, तर आज त्या बाईचा हात मोडला नसता."

त्यांनी दाराकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "विचार कर. तुला रोज त्याच रस्त्यानं जायचंय."

मला भीती वाटत होती. तरी म्हणालो, "त्याच रस्त्यानं जायचंय म्हणूनच लिहा."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "कर सही."

पलटणीत मी वाचायला शिकलो होतो. वाचलं. माझा गुन्हा होता. त्याचा नव्हता.

"साहेब, निम्मंच लिहिलंय."

"सही कर म्हणतो ना!"

मी टाक खाली ठेवला. हात मांडीखाली दाबून बसलो. शिपाई दोनदा आत येऊन गेला. बाहेर शेठ फेऱ्या मारत होते. मी उठलो नाही. शेवटी फौजदारसाहेबांनी दुसरा कागद घेतला आणि सगळं लिहिलं. मी परत वाचलं. मग सही केली.

पुढं काय झालं? माझं लायसन सहा महिने जप्त झालं. नोकरी गेली. रावसाहेबाचं काही झालं नाही. तीस माणसांतल्या एकानंही साक्ष दिली नाही. कंडक्टर म्हणाला, मी काही बघितलं नाही. पण रावसाहेबाला एकदा कचेरीत यावं लागलं. माझा कागद त्याच्यासमोर वाचला गेला. मला तेवढं कळलं.

त्या बाईकडं मी माफी मागायला गेलो. तिचा हात वाकडाच बसला होता. "भाकर थापाले येत नही आते," एवढंच म्हणाली आणि घरात गेली. तिनं माफी दिली नाही. बरोबर केलं.

आज मी दुसऱ्याचा ट्रक चालवतो. रस्ता तोच आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण ती आता मी खालच्या माणसाच्या अंगावर टाकणार नाही. पुढं बैलगाडी असली तर तिच्या चालीनं जाईन, मागून कोणी कितीही बोंबलो. आणि यापुढं माझ्यावर जो हात उचलेल, त्याचं नाव त्याच दिवशी कागदावर येईल. तो कोणाचाही मुलगा असो.