उर्वशी मॅडमचा शिवशिवता हात

सौसरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या उर्वशी मॅडमचा हात सदा शिवशिवायचा. पोरानं वाकडं घर काढलं की त्याच्या हातातली पेन्सिल ओढायची आणि घर सरळ करून मोकळं व्हायचं. चाळिशीत त्यांनी नागपूरला कला-उपचाराचं शिक्षण धरलं, तेव्हा हाच हात आडवा आला. तिथला पहिला नियम असा, की समोरच्याचं चित्र सुधारायचं नाही. परीक्षेत एका दुःखी बाईनं काढलेल्या गाईचा पाचवा पाय मॅडमनी पुसून दिला आणि त्या नापास झाल्या.

आता ही शेवटची संधी होती. समोर बसले पांढुर्ण्याचे नत्थूजी, संत्र्याचे बागायतदार. बायको गेल्यापासून ते कोणाशी धड बोलत नव्हते, म्हणून सुनेनं त्यांना आणून बसवलं होतं. बाजूला परीक्षक मानसी मॅडम. नोकरी नागपूरची, पण माहेर रामाकोन्याचं आणि तेही संत्र्याच्या बागेतलं.

नत्थूजींनी संत्र्यांनी लगडलेलं झाड काढलं. फांद्यांना बांबूचे टेकू दिले, पण अगदी टोकाशी.

"बराबर हाय का जी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं वाटते?"

"मले काय इचारता? मास्तरीण त तुमी आहा."

उर्वशी मॅडमनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. टेकू साफ चुकले होते, हे या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी हात त्यांनी मांडीखालून काढले नाहीत.

राहवलं नाही ते परीक्षकबाईंना. "अहो, टेकू मधोमध लावतात," त्या एकदम बोलून गेल्या. "असा टोकाला लावला तर फांदी मोडून जाईल ना!" आणि मग त्यांनी जीभ चावली.

नत्थूजींनी टोकाच्या एका टेकूवर बोट ठेवलं.

"म्याबी तेच म्हणो," ते म्हणाले. "पण माही बायको ऐकेच ना. टोकालेच लावे. दर सालचं आमचं भांडण. फांदी मोडली का म्या दिवसभर बोलो तिले."

उर्वशी मॅडमना आता सुधारायचं काहीच सुचेना. "आणि यंदा?" त्यांनी हळूच विचारलं.

"यंदा सारे टोकालेच लावून राहिलो."

मानसी मॅडमनी मान खाली घातली आणि डोळे पुसत उर्वशी मॅडमना पास केलं.