मागे कुणी बसलं की टक

आमच्या गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. ते शूकाका. जन्मभर वाचनालयात ग्रंथपाल होते. आता ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारा माणूस असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्यांच्या वाचनालयात कधी शिंकला नाहीत. खुर्ची सरकली की शूऽऽ. पान जोरात उलटलं की शूऽऽ. ती सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. एकदा घरी कुकरनं शिटी दिली तर त्यालाही शूऽऽ म्हणाले, आणि नेमका कुकर गप्प बसला. तेव्हापासून काकू सांगतात, “आमच्या घरात यांचं ऐकतो तो तेवढा कुकर.”

असा आवाजाचा वैरी माणूस, आणि म्हातारपणी खूळ लागलं कसलं, तर शेडमध्ये गंजून पडलेली जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करायची! तिचा प्रत्येक तुकडा सुटा केला, घासला, रंगवला आणि पुन्हा जोडला. अंगण रॉकेलनं घमघमायला लागलं. काकूंचे जुने टॉवेल एकामागून एक कामी आले, मग नवेही आले. गाडी सुरू झाली तेव्हा असा धडधडाट झाला की शेजारच्या बेकरीत मांडलेले पाव एकमेकांच्या अंगावर पडले. पण शूकाकांना तो आवाज वाटेचना. म्हणायचे, “ते तिचं वाचन आहे. मोठ्यानं वाचते, एवढंच.”

त्यांना आवाज वाटला तो दुसराच. टक.

या टकला इतिहास आहे. लग्न झालं त्या वर्षी याच गाडीवरून ही जोडी फिरायला निघाली होती. पुढून टक असा आवाज आला. काकू म्हणाल्या, “अहो, काहीतरी वाजलं.” काका म्हणाले, “काही नाही गं.” पुन्हा टक. पुन्हा “काही नाही गं.” तिसऱ्या टकला अख्खं हँडल काकांच्या हातात आलं, आणि गाडी आपल्या मनानं तळ्याकडे वळली. बदकं बाजूला झाली, हे दोघं नाही झाले. नव्या कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काकूंनी जे काही सुनावलं, ते काका अजून कुणाला सांगत नाहीत. त्या दिवसापासून काकू त्या गाडीवर बसल्या नाहीत, आणि गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच.

म्हणजे हा सगळा खटाटोप कशासाठी होता ते लक्षात आलं असेल. काकांना गाडी नको होती, मागची सीट भरलेली हवी होती. डोंगरापलीकडे काकूंची धाकटी बहीण राहते. तिनं रविवारी दोघांना जेवायला बोलावलं होतं. काका म्हणाले, “गाडीवरून जाऊ.”

“बसेन,” काकू म्हणाल्या. “पण टक ऐकू आलं की उतरेन. जिथं असेन तिथं.”

“अगं, सगळी नवी जोडलीय!”

“तेव्हाही नवीच होती.”

सोमवारी तालीम झाली. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. गाडी त्यावरून गेली, आणि पुढून टक! काकूंनी नुसतं काकांच्या खांद्यावर थोपटलं, गाडी थांबली, त्या उतरल्या आणि चालत घरी आल्या.

काका एकटेच त्या स्पीडब्रेकरवरून परत आले. आवाज नाही. पुन्हा गेले, पुन्हा आले. चिडीचूप.

कोपऱ्यावर गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकला सगळे ‘बघू’ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो तेवढंच बोलतो. गाडी कधी मिळेल? बघू. खर्च किती? बघू. मुलीचं लग्न ठरलं म्हणे? बघू. त्यानं गाडी फिरवून आणली. “काही वाजत नाही, काका.” काका खूश. काकूंना कसंबसं मनवून पुन्हा मागे बसवलं. स्पीडब्रेकर. टक. खांद्यावर थोपटणं. चालत घरी.

“तिसऱ्यांदा मी भर रस्त्यात उतरणार नाही,” काकू म्हणाल्या. “पोस्टमन हसतो. रविवारी भाऊ गाडी घेऊन येणार आहे, मी त्याच्याबरोबर जाते.”

काकूंचा भाऊ म्हणजे काकांचा मेहुणा. भला मोठा देह, नवीकोरी चारचाकी, आणि तिच्या काचा बटणावर वर जातात हे माणसाला दाखवल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. बायको त्या गाडीतून जाणार आणि आपण मागून जुन्या मोटारसायकलवर एकटेच, हे चित्र काकांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांची अन्नावरची वासना उडाली.

मग गल्लीनं ते दुखणं वाटून घेतलं. ज्याला सायकलही चालवता येत नाही तोही गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाकडे पाहायला लागला. बेकरीवाला म्हणाला मडगार्ड. मडगार्डचे नट आवळले. पोस्टमन म्हणाला दिवा. दिव्यात चिंध्या कोंबल्या. बघू म्हणाला, “हँडलखालच्या गोट्या बघू.” हँडल ज्यावर फिरतं त्या छऱ्यांना लोक गोट्या म्हणतात. काकांनी त्या स्वतःच आवळल्या, आणि अशा आवळल्या की हँडल फिरेचना. बेकरीशी वळायचं होतं, गाडी वळली नाही. पोस्टाशी वळायचं होतं, तिथंही नाही. काका ताठ मानेनं, जणू काही तिकडेच जायचं होतं अशा थाटात, गावाबाहेर निघून गेले. बघूनं जाऊन त्यांना माघारी आणलं आणि गोट्या ढिल्या केल्या.

“पुढचा फोर्क उघडून बघू?” त्यानं विचारलं. फोर्क म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या त्या दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि तेल असलेल्या.

“फोर्कला हात लावायचा नाही!” काका कडाडले. “फोर्क मी माझ्या हातांनी जोडलाय.”

बुधवारी मात्र काकांच्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेड पडला की दुसऱ्याला अंधारात ठेवणं त्यांना जमत नाही. काकू शेंगा निवडत बसल्या होत्या.

“अगं, एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“ते ऐकून ठरवते.”

“आवाज... तू बसलीस की मगच येतो.”

काकूंचा हात थांबला. “म्हणजे मी वाजते?”

“तसं नाही गं—”

“इतकी वर्षं संसार केला, मी वाजते हे आज कळलं?”

“अगं, वजनाचा—”

वजन हा शब्द तोंडातून निसटला, आणि त्याला परत आत ओढायला काकांना उसंत मिळाली नाही. त्या दिवशी संध्याकाळी ते बेकरीतून पाव नेताना दिसले. एकट्यापुरता.

पण विद्वान माणूस, प्रयोग अर्धवट कसा सोडेल? दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याकडून पिठाचं पोतं मागून आणलं, मागच्या सीटवर दोरीनं आवळलं आणि हात वर करून अख्ख्या गल्लीला म्हणाले, “शूऽऽ!” बेकरीतलं यंत्र थांबलं. पोस्टमननं सायकलची घंटी मुठीत धरली. कुणाचं तरी बाळ रडत होतं, त्याच्या आईनं त्याला आत नेलं. गाडी स्पीडब्रेकरवर चढली, उतरली. टक!

काका नाचतच दारापाशी गेले. “अगं ऐकलंस का, पोतं बसवलं तरी वाजतं! तू आणि पोतं, अगदी एकसारखं!”

घराचं दार आतून लागलं ते बऱ्याच वेळानं उघडलं. तोवर काका पायरीवर बसून पोत्याशी बोलत होते.

ही बातमी मेहुण्यापर्यंत जायला कितीसा वेळ? तो लगेच हजर. “ताई, भंगार ते भंगारच. मी मागं बसून दाखवतो, सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष.” तो बसला तशी गाडीची मागची बाजू खाली गेली आणि पुढचा दिवा आभाळाकडे बघायला लागला. स्पीडब्रेकरवर टक तर झालंच, पण असं झालं की दुकानातले लोक बाहेर आले.

“ऐकलंत ना?” मेहुणा जिंकला.

“ऐकलं,” काकू उंबऱ्यातून म्हणाल्या. “म्हणजे मी वाजत नव्हते.” त्या दिवशी काकांना पुन्हा घरचं जेवण मिळालं.

पुढं जे झालं ते कुणाच्याच स्वप्नात नव्हतं. मेहुण्याला ती सीट आवडली. शुक्रवारी तो स्वतःहून आला. “भावजी, आवाज डावीकडून की उजवीकडून, हे नीट तपासलं पाहिजे.” एक फेरी झाली. “उजवीकडून वाटतंय, पण खात्री नाही. अजून एक मारू.” शनिवारी काळा चष्मा लावून आला. मागे बसून लोकांना हात करायचा, टक झालं की दाद द्यावी तशी मान हलवायचा. बटणावर काचा वर जाणारी ती गाडी कोपऱ्यात धूळ खात उभी. काकू फाटकाला टेकून हे बघत होत्या.

“वर्षभरात बहिणीकडे यायला याला फुरसत नव्हती,” त्या म्हणाल्या. आवाजात काही होतं. राग म्हणावा तर तसा राग नाही. बेकरीवाल्याची बायको पटकन समजली आणि हसू लपवायला आत गेली.

रविवार उजाडला. मेहुणा सकाळीच चारचाकी पुसून दारात. काकांचा चेहरा उतरलेला. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून बघूला बोलावून घेतलं होतं, आणि पाहुणा आला म्हणून काकूंनी सगळ्यांना नाश्त्याला बसवलं. उकडलेली अंडी आणि पाव. मेहुण्यासमोर एक अंडं आलं, बघूसमोर एक. बघूनं अंड्याकडे पाहिलं. वाकून पाहिलं. ताटली फिरवून पाहिलं.

“काकू, हे अंडं कशावर बसवलंय?”

“स्प्रिंगवर. लवंडत नाही, बरं पडतं.”

“ती तुम्हाला कुठं मिळाली?”

“यांची गाडी जोडून उरलेली. दोन होत्या. फेकायला निघाले होते, मी घासून घेतल्या.”

बघूनं हळूच मान वर केली. “काका, या उरल्या?”

“जास्तीच्या होत्या,” काका म्हणाले. “एवढं सगळं जोडल्यावर एखाद-दुसरी वस्तू उरतेच.”

“गाडी बनवणारा काय वर दोन फुकट देतो? अहो, फोर्कच्या नळीत मोठ्या स्प्रिंगखेरीज ही छोटीही असते, एकेकीत एक. मागं वजन पडलं की पुढचं उचलतं. मग खड्डा आला की नळी पुरती ताणली जाते आणि आत लोखंडावर लोखंड आपटतं. ही मधली उशी आहे उशी!”

बघू एका दमात इतकं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. काकांचे कान लाल झाले. त्यांनी मेहुण्याच्या ताटलीकडे हात नेला.

“थांबा हो भावजी, अंडं तर संपू द्या!”

“मग संपव की लवकर!”

“गरम आहे!”

शेवटी काकूंनीच ते अंडं उचलून भावाच्या तोंडात घातलं आणि स्प्रिंग बघूच्या हातात दिली.

फोर्क उतरवणं, तेल काढणं, नळ्या उघडणं, स्प्रिंगा बसवणं, नवं तेल भरणं, हे काही चहा पिण्याइतकं झटपट होत नाही. मेहुण्यानं हॉर्न वाजवला. “ताई, चल. धाकटीचा फोन आला, वाट बघतेय.” काकू तयार होऊन पायरीवर बसल्या होत्या, शेजारी बहिणीसाठी केलेल्या लाडवांचा डबा. “बस जरा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा हॉर्न. “तुला घाई असली तर तू जा.” काका जमिनीवर आडवे, हात तेलात. त्यांनी हे ऐकलं, वर पाहिलं नाही, पण पाना जरा जास्तच भरभर फिरायला लागला.

गाडी उभी राहिली. मेहुण्यानं काळा चष्मा चढवला, पँट वर ओढली आणि सीटकडे निघाला. “चला भावजी, तपासून बघू.”

“उतर,” काकू म्हणाल्या.

“अजून बसलो कुठं?”

“मग बसू नकोस. तुला काय कळतंय? तीन दिवस बसलास, डावं की उजवं ते तुला सांगता आलं नाही. मीच बघते.” त्यांनी डबा भावाच्या हातात दिला आणि काकांच्या मागे बसल्या. “एकच फेरी. स्पीडब्रेकरपर्यंत. वाजलं तर मी चारचाकीत.”

काका किक मारायला विसरले. त्यांना आठवण करून द्यावी लागली.

अख्खी गल्ली उभी होती, आणि या वेळी कुणाला गप्प बसा म्हणायची गरज पडली नाही. गाडी स्पीडब्रेकरवर चढली. उतरली. धडधडाट तेवढा होता. बाकी काही नाही. आता वळतील, म्हणून सगळे बघत राहिले. गाडी वळली नाही. पोस्टाशीही वळली नाही. बघूचा चेहरा पांढरा पडला. “गोट्या मी नीट लावल्या होत्या हो,” तो म्हणाला. “आईशप्पथ नीट लावल्या होत्या.”

मेहुणा डबा छातीशी धरून रस्त्याकडे बघत उभा. बेकरीवाल्यानं त्याला स्टूल आणून दिलं. उन्हं वर आली. बऱ्याच वेळानं त्याचा फोन वाजला, आणि पलीकडचं बोलणं आम्हालाही ऐकू आलं, कारण काकू वाऱ्यातून आल्यामुळं अजून ओरडूनच बोलत होत्या.

“अरे, आम्ही पोचलो! तू अजून तिथं काय करतोयस? डबा घेऊन ये लवकर, धाकटी पानं वाढतेय. आणि येताना जपून ये, रस्त्यात खड्डे फार आहेत. आम्हाला काही जाणवले नाहीत म्हणा!”