सुमंगलेच्या कम्प्युटरचा आवाज

माझं शिवणाचं मशीन आमच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर असतं, आणि तिथून शेजारच्या पार्वतीकाकीच्या घरातलं सगळं दिसतं. बघते म्हणून मला कुणी नावं ठेवू नयेत. बसल्या जागी दिसतं त्याला मी काय करू? डिचोलीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज मी त्याच जागी बसून शिवलेत.

तर त्या घरातली सून सुमंगला. निपाणीकडची. लग्नाआधी शिक्षिकेचा कोर्स केलेला, एक वर्ष तिकडच्या शाळेत शिकवलेलंही. इथे आली आणि सगळं बंद. तिचा नवरा देवेश कारखान्यात जातो. हात उचलत नाही, आवाज चढवत नाही, दारूला तर शिवतही नाही. नुसता विचारतो. कुठे चाललीस? कशाला? कुणाबरोबर? घरात काय कमी आहे? एवढं मऊ विचारतो की बाई अर्ध्या वाटेतून परत फिरते. तिचा मोबाईल पडून फुटला, तो त्याने दुरुस्तीला नेला. तो मोबाईल अजून दुरुस्तच होतोय! मला तर वाटतं, असल्या माणसापेक्षा आरडाओरडा करणारा परवडला, त्याला निदान उलट ओरडता येतं.

"ताराताई, मला ह्या घरात गुदमरायला होतं बघा," एकदा फॉल लावायला साडी घेऊन आली तेव्हा म्हणाली. डोळे कोरडे होते. रडली असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

मग वाळपईच्या एका शाळेतल्या मॅडम माझ्याकडे ब्लाउज टाकायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, लहान मुलांना शिकवायला बाई हवी आहे. मी लगेच सुमंगलेचं नाव पुढे केलं. मॅडम म्हणाल्या, कम्प्युटरवर मुलाखत घेऊ, एक छोटा पाठ घेऊन दाखवू दे. माझा मोबाईल बटणांचा, तो काय कामाचा! पण सुमंगलेच्या मागच्या खोलीत मुलीच्या, गौरवीच्या अभ्यासासाठी घेतलेला कम्प्युटर होता. घरातून बाहेर जायला एवढी एकच खिडकी, तीसुद्धा काचेची.

आणि नेमका त्याचाच आवाज दगा देऊ लागला. सकाळी ठणठणीत वाजायचा. तिनसांजा झाल्या, दिवे लागले, की कधी कधी एकदम मुका. मॅडमना शाळा सुटल्यावर, नेमकी दिवेलागणीचीच वेळ सोयीची. सुमंगला घाबरीघुबरी होऊन मला बोलवायची. माझं ज्ञान शिवणमशीनचं. मशीन अडलं की दोरा काढायचा, पुसायचं, परत ओवायचा. तेच मी कम्प्युटरला केलं. स्पीकरची हिरवी पिन काढली, फुंकली, परत घातली. कोपऱ्यात भोंग्याचं चित्र असतं, त्यावर फुली आहे का बघितली, नव्हती. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. बंद करून चालू केला. एकदा वाजला, म्हणून मी फुशारकी मारली, आणि दुसऱ्या दिवशी परत आपला मुका. पार्वतीकाकी म्हणाली, "दिष्ट लागली असतली." मी म्हटलं, काकी, कम्प्युटरला कसली आलीय दृष्ट? पण खरं सांगते, मनात मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळं तपासलं. आवाज खणखणीत. देवेशची दुसरी पाळी, तो रात्रीच येणार. गौरवी शिकवणीला. माझ्यावर काम एकच, काकीला पुढच्या खोलीत बोलण्यात गुंतवून ठेवायचं. काकी म्हणजे देवेशची आई. घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं एकच उत्तर, "देवेशाक विचार." ती कोणाच्या बाजूची आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

सुमंगलेने दार लावून घेतलं. मी काकीशी लोणच्याबद्दल बोलायला लागले. आतला पाठ घेऊन होतो तोवर तिनसांजा झाल्या. काकीने समई लावली आणि देवाच्या फळीवरच्या, विणलेल्या रुमालाखालच्या स्पीकरचं बटण दाबलं. चवथीला, म्हणजे गणपतीत, आरत्या लावायला देवेशने आणलेला बिनवायरचा डबा तो. रोज काकी तो सुरू करून ठेवते आणि मग गौरवी तिच्या मोबाईलवर आरती लावून देते. आज गौरवी, मोबाईलसकट, अजून शिकवणीहून यायची होती. डबा टुंई करून गप्प बसला.

आतून सुमंगलेचा आवाज आला, "मॅडम, तुमचा आवाज येईना झालाय. एक मिनिट हं!" खुर्ची सरकली. पिन काढल्याचं, घातल्याचं मला बसल्या जागी कळलं. गेला परत मेला तो आवाज!

तेवढ्यात देवाच्या फळीवरून एक बाई बोलली. "सुमंगलाबाई, आम्हाला तुमचं नीट ऐकू येतंय. आमचं येतंय का?"

काकीने हातातली काडेपेटी टाकली. "हें कोण गो उलयता?"

कोण बोलतंय ते मी काय सांगणार! देवेशने चवथीला आरत्यांसाठी हा डबा कम्प्युटरलाच जोडला होता आणि नंतर सगळे विसरले होते. कम्प्युटर विसरला नव्हता. संध्याकाळी काकीने बटण दाबलं की आतला आवाज उठून इथे येऊन बसायचा, एरवी गौरवीच्या आरतीत तो कोणाला कळला नव्हता. पण हे सगळं मला मागाहून उमजलं.

डबा बोलतच होता. मॅडम शेजारच्या कुणाला तरी सांगत होत्या, "शिकवते छान हो. पण मागच्या बाईसारखं नको. घरचे सोडत नाहीत, मग मध्येच मुलं वाऱ्यावर." आणि मग मोठ्याने, "सुमंगलाबाई, रोज वाळपईला बसने यावं लागेल. घरच्यांची संमती आहे ना?"

आतून फक्त, "मॅडम, काहीच ऐकू येत नाही हो!" रडकुंडीला आला होता तिचा आवाज.

मी उठून डबा बंद करायला गेले. काकीने माझं मनगट धरलं. "राव," म्हणाली, म्हणजे थांब. थांबले. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. ती त्या डब्याकडे बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना.

आणि फाटकात देवेशची मोटरसायकल वाजली. कारखान्यात वीज गेली म्हणून लवकर सोडलं होतं. आता मेलो आम्ही, मी मनात म्हटलं.

काकीने माझं मनगट सोडलं आणि खटकन डबा बंद केला. त्याच क्षणी आतून सुमंगला ओरडली, "हां मॅडम, आला, आला आवाज! बोला!"

देवेश बूट काढून उंबरठ्यात आला, तर काकी हातात ताट घेऊन आरती म्हणायला लागलेली. तोंडाने! मोठ्याने! तिचा गळा फाटका, माझा त्याहून वाईट, पण तिने डोळे वटारले तशी मीही सुरू झाले. देवेश तसाच आतल्या दाराकडे निघाला. काकीने आरती न थांबवता त्याच्या हातात घंटा दिली. आता चालू आरतीत घंटा खाली ठेवून कोण जाणार? उभा राहिला बिचारा, वाजवत. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली. त्याने घंटा ठेवायला हात खाली नेला की काकी नवी सुरू करायची. गावात जेवढे देव, तेवढ्या आरत्या झाल्या. मला हसू येत होतं आणि एक कान मागच्या दाराकडेही होता.

शेवटी मागचं दार उघडलं. सुमंगला बाहेर आली, देवेशला बघितलं आणि तिथेच थिजली.

काकीने ताट खाली ठेवलं. आवाज बसला होता तिचा. "काय म्हणाली ती मॅडम?"

सुमंगलेने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "शिकवणं आवडलं म्हणाल्या. घरची संमती आहे का विचारलं. खोटं कसं बोलू? विचारून येते म्हटलं. त्या थांबल्यात तिथे."

"कोण थांबलंय? कसली संमती?" देवेश म्हणाला. तसंच मऊ, नेहमीसारखं. "काय कमी आहे गो तुला घरात?"

सुमंगलेची मान खाली गेली. ती परत फिरणार, हे मला दिसलं. किती वेळा बघितलं होतं मी ते.

"ह्या घरात माझा जन्म गेला," काकी म्हणाली. "एवढ्या वर्षांत कोणी मला एक गोष्ट विचारली नाही. आज ती परकी बाई घरच्यांना विचारते. घरची मी पण आसा मगो?" "जा बायो. संमती आसा म्हणून सांग तिला."

"आई, माझं ऐक..."

काकीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. देवाच्या फळीवरचा विणलेला रुमाल तिने काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला.

"तारा," ती म्हणाली, "तो डबा लाव गो. आता ह्यालाही ऐकू दे."