आतला जॉबर

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उजवं मनगट मोडलं ते घरच्याच जिन्यावर. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "हात हलवत राहा, नाहीतर कायमचा आखडेल." आप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन तो हात मांडीवर ठेवून दिला, पाहुण्याला बसवावं तसा.

आठ दिवस झाले तरी तेच. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. पोरं मला टरकून असतात, पण आप्पांपुढे माझी डाळ शिजत नाही. जन्मभर त्यांनी चादरींच्या कारखान्यात जॉबर म्हणून बिघडलेले माग दुरुस्त केले. शेवटी मी ओरडलेच, "आप्पा, तुम्हाला भाकरी मोडता येईना. आता काय रोज मी भरवू?"

"वरडू नको. माग चालला की झिजतो. दुखरा पार्ट चालवायचा नसतो. हात काय येगळा हाय व्हय? का तुझं फिजिक्स जित्या माणसाला लागू न्हाय?"

घ्या! इतक्या वर्षांत वर्गात एकानंही असं विचारलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"लागू आहे की! हातसुद्धा झिजतो. पण माग जेवतो का? तुम्ही जेवता. त्या जेवणातून माल आणि ताकद घेऊन शरीर आतल्या आत दुरुस्ती करतं."

आप्पा ताठ बसले. "म्हंजी आत जॉबर हाय?"

"आहे. पण हातावर जरा ताण पडल्याशिवाय तो नीट कामाला लागत नाही."

"लबाड लेकाचा! आठ दिस बसून खातोय व्हय?" म्हणत त्यांनी मूठ वळली आणि कळ आली तसे "अय्यो" करून ओरडले.

मग रोज जेवताना त्यांच्यापुढे कडक भाकरी ठेवायची आणि त्यांनी तळहातानं दाबायची. पहिले काही दिवस तिला साधी चीरही गेली नाही. आप्पा भाकरीला शिव्या द्यायचे, मी हसायचे.

आणि एका दुपारी कट्‌कन आवाज आला. तुकडे उडून थेट शेंगाचटणीत! मी टाळ्याच पिटल्या, डोळेही भरले. आप्पांनी त्याच हातानं तुकडा उचलला, सावकाश चावला.

"त्यो जॉबर रिटायर कदी हुतो गं?"

उत्तर मला पाठ होतं. दरवर्षी वर्गात सांगते. पण मी चटणीत पडलेले तुकडे वेचत बसले.

"हुतोच की," तेच म्हणाले आणि ताट पुढे सरकवलं. "तवर त्याला उपाशी ठेवू नको. वाढ आणिक एक."